स्पीचच्या मॅडम

इचलकरंजीची माणसं भांडल्यासारखी बोलतात, असं बाहेरगावचे पाहुणे म्हणतात. त्यात खोटं काही नाही. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या गावाला गप्प बसणं ठाऊक नाही. आमचं घर मागाच्या शेडला लागून. मधे एक भिंत, पलीकडे माग आणि धोट्याची रात्रंदिवस ये-जा. शेडमधला आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो. कारखान्याच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी तेवढीच कमाल मर्यादा धरली आहे, हे मला फार पुढे कळलं. नव्या नवरीला या घरात पहिले काही दिवस झोप लागत नाही आणि वर्षभरानं माग बंद पडला की झोपमोड होते. शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आणि मागवाले एकमेकांशी हातांनीच बोलतात. कांडी संपली, बीम उतरव, शेठ आलेत, चहा सांग, सगळ्याला खुणा आहेत.

मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरता भरता मीही त्या खुणा शिकले आणि माझा धाकटाही शिकला. तो 2005 सालचा. अडीच वर्षांचा झाला तरी त्याच्या तोंडून शब्द नव्हता, आणि गंमत अशी की घरात त्याचं काही अडत नव्हतं. तहान लागली की अंगठा ओठाला लावायचा. दूध नको असेल तर पंजा उलटा करायचा, जॉबरनं 'माग थांबव' म्हणावं तसा. शेडमधले लोक त्याला उचलून घेऊन कौतुक करायचे, आमच्या हाताखाली तयार होतोय म्हणायचे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मुलगे उशिराच बोलतात. याचा बाप चौथ्या वर्षी बोलला. पोपटानं चोच मारलेला पेरू चारा. जिभेखालची शीर कापून आणा. सासूबाई रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळून मधातून चाटवायच्या. त्यांचं माहेर रबकवीचं, तेही विणकरांचंच गाव, म्हणून त्या नातवाशी कानडीतच बोलायच्या. त्यावर शेजारच्या मास्तरांचं मत असं, की दोन भाषांत पोर गोंधळलंय, आधी कानडी बंद करा. सासूबाई ते ऐकून दोन दिवस नातवाशी बोलल्याच नाहीत. घरात सुतक असल्यासारखं झालं.

मिरजेला कानाची तपासणी केली. बेरा म्हणतात तिला. पोराला औषध देऊन झोपवतात, कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवतात, कानात टकटक असा आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारी नस तो आवाज पोचवते का ते यंत्रावर बघतात. मुलाला काही सांगावं लागत नाही, म्हणून ही तपासणी तान्ह्या बाळाचीही होते. कान उत्तम निघाले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'स्पीच थेरपी' असं लिहिलं आणि कोल्हापूरच्या एका दवाखान्याचं नाव सांगितलं. म्हणजे नेमकं काय करतात हे मी विचारलं नाही. वीज लावतात की काय, अशी एक भीती मनात होती.

दवाखान्याच्या त्या खोलीवर 'वाचा उपचार विभाग' अशी पाटी होती, पण शिपायापासून सगळे म्हणायचे, "स्पीचच्या मॅडमकडे जायचंय ना, सरळ जावा, डावीकडं." मीही पुढे कधी त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांनी तसं बजावलं आहे.

बाहेर बाकडं होतं. पोराला आत सोडून मी बाकड्याकडे वळले तर मॅडमनी विचारलं, "आई, तुम्ही कुठं निघालात?"

म्हटलं, "बाहेर बसते."

"मला हा पंधरा दिवसांतून अर्धा तास मिळणार. उरलेला सगळा वेळ तुमच्याकडं. मग शिकायचं कुणी, मी की तुम्ही?"

मी आत बसले. मॅडमनी किती शब्द येतात हे विचारलंच नाही. पहिला प्रश्न होता, "बोट दाखवतो का?" मी म्हटलं, दाखवतो की, बिस्किटाचा पुडा वर ठेवला की दाखवतो. "तसं नाही. काही नको असताना, नुसतं 'बघ, बघ' म्हणून?" मी जरा आठवून सांगितलं की गल्लीतून हत्ती गेला होता तेव्हा दाखवलं होतं आणि मग माझ्या तोंडाकडे बघितलं होतं, मी बघतेय का म्हणून. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा हसल्या. वर्षाच्या आसपास मूल असं बोट दाखवायला लागतं. ते करायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून खात्री करायची, हे दिसलं की शब्दाच्या आधीचं पुष्कळ काम झालेलं असतं. ते नसेल तर तपासाची दिशाच बदलते, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. हत्तीमुळे आमचं एवढं काम झालं होतं.

मग त्यांनी पोराच्या वरच्या ओठाला मधाचं बोट लावलं. त्यानं जीभ सर्रकन वर काढून मध चाटला. "झालं. कापायला काही नाही इथं." शिरेचा विषय तिथेच संपला.

सासूबाईंना पुढच्या वेळी मुद्दाम बोलावून घेतलं. वेखंड मात्र बंद केलं, लहान पोटाला ते सोसत नाही म्हणाल्या. पण विचारलं, "उगाळताना गप्प बसता की काही म्हणता?" सासूबाई लाजल्या. उगाळताना त्या कानडीतलं एक पाळण्याचं गाणं म्हणायच्या. "मग सहाण राहू दे, गाणं सोडू नका. आणि कानडीही सोडू नका." दोन भाषांनी मुलाचं बोलणं अडत नाही, जे अडायचं ते एका भाषेतही अडतं. आजीला जी भाषा मनापासून येते तीच तिनं बोलावी. मोडक्या मराठीत चार शब्द बोलण्यापेक्षा कानडीत चाळीस बरे. सासूबाई येताना एस.टी.त खिडकीशी बसून सबंध रस्ताभर नातवाला कानडीत उसाचे फड दाखवत होत्या. दोन दिवसांचं मौन भरून काढत होत्या बहुतेक.

मॅडम मूळच्या निपाणीकडच्या, त्यामुळे दोन्ही भाषा त्यांच्या घरच्या. शिक्षण म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत झालेलं. 1965 साली निघालेली ही संस्था. आपल्याकडे मुंबईत नायर रुग्णालयातही हे शिक्षण जुनं, आणि 1983 पासून वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. पण आमच्यासारख्यांना हे सगळं कुठलं माहीत. जिभेचेही डॉक्टर असतात, एवढंच आम्ही गावात सांगत होतो, आणि तेही चूकच. जीभ त्यांच्या कामाचा अगदी शेवटचा भाग.

मुख्य काम असं. पोराच्या मागे 'हे काय, ते काय' असा परीक्षकासारखा लकडा लावायचा नाही. आपण जे करतोय ते छोट्या वाक्यात बोलत राहायचं. तो जे बघतोय त्याच्याबद्दल बोलायचं, आपल्याला जे शिकवायचंय त्याच्याबद्दल नाही. तो एक शब्द बोलला तर आपण दोन बोलायचे. 'गाडी' म्हणाला तर 'मोठी गाडी', 'गाडी गेली'. आणि थांबायचं. हे थांबणं सगळ्यांत अवघड. मनात दहा आकडे मोजायचे, तोंड मिटून, डोळे त्याच्याकडे ठेवून. आई झालेल्या बाईला दहा आकडे म्हणजे किती लांब असतात, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

मॅडमनी विचारलं, घरात शांत वेळ कधी असतो? मला हसूच आलं. म्हटलं, लाइट जाते तेव्हा.

ती 2008 सालची गोष्ट. भारनियमन जोरात होतं. लाइट गेली की माग थांबायचे, मालकांचा जीव खालीवर व्हायचा, मजुरी बुडालेले मागवाले पायरीवर बसून वीज मंडळाचा उद्धार करायचे. माझेही कांड्यांचे पैसे बुडायचे. पण मॅडमनी वहीत लिहिलं, 'भारनियमनाची वेळ : आईची वेळ', आणि खाली रेघ मारली. त्या दिवसापासून सबंध इचलकरंजीत लाइट जायची वाट बघणारी बाई मी एकटीच असेन. नवरा म्हणायचा, "गावाच्या पोटावर पाय आला की तुझी शाळा भरती." तो चेष्टेत म्हणायचा, पण त्याच्या बीमवर सूत तसंच अडकून पडलेलं असायचं, तेव्हा चेष्टा निम्मीच.

अशाच वेळची बरणीची गोष्ट सांगते. मॅडमनी सांगितलं होतं, त्याला आवडणारी वस्तू त्याला दिसेल अशी ठेवा, पण हाती लागणार नाही अशी. आमच्याकडे भडंग. पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी, फिरकीचं घट्ट झाकण. आधी हातात दोन-चार दाणे द्यायचे, मग झाकण लावून बरणीच त्याच्यापुढे ठेवायची. त्यानं बरणी हलवली. दात लावले. पायात धरून झाकण फिरवलं, उलट्या दिशेनं. मग माझ्याकडे बघून शेडमधली खूण केली, 'खोल'. एरवी मी खोललीच असती. या वेळी मनात आकडे मोजले, मग म्हटलं "उघड", आणि उघडली. चार दाणे. पुन्हा झाकण. हे रोज. माझा आवाज शेडमुळे मोठा, तो खाली आणायला मला स्वतःलाच महिना गेला. एक दिवस त्यानं बरणी माझ्या मांडीवर आदळली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, आणि घशातून 'उघ' असा काहीतरी आवाज काढला. मी उघडली. त्यानं भडंगाकडे बघितलं नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. मग स्वतःच झाकण लावून बरणी परत दिली. 'उघ.' त्या संध्याकाळी सगळा भडंग जमिनीवर सांडला होता आणि त्यानं खाल्ला फार थोडा.

आता पहिला शब्द म्हणून काय धरायचं यावर घरात वाद झाला, कारण पहिला पूर्ण, स्वच्छ शब्द तो आजीला म्हणाला. सासूबाई त्याला आमटी वाढत होत्या, वाढतच होत्या, तेव्हा तो ताटावर हात आडवा धरून म्हणाला, "साकु." कानडीत पुरे. मास्तरांचा सल्ला ऐकला असता तर हा शब्द आलाच नसता, हे सासूबाईंनी गल्लीत चार घरी जाऊन सांगितलं. मी वही घेऊन मॅडमकडे गेले आणि विचारलं, मराठीच्या रकान्यात लिहू की वेगळा रकाना करू? म्हणाल्या, "शब्द म्हणजे शब्द. एकाच यादीत लिहा."

ती वही अजून आहे. पुढून माझा कांड्यांचा हिशेब, मागून त्याचं बोलणं. रकाने मॅडमनीच आखून दिलेले : काय मागितलं, कसं मागितलं, कुणाकडे. सुरुवातीच्या पानांवर 'कसं' याखाली हात, हात, ओढणं, रडणं. पुढे हात आणि आवाज. मग नुसता आवाज. मला दहावीपर्यंतचंच शिक्षण, पण ती पानं वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी जाणते, आणि ते फक्त मीच जाणू शकते. मॅडम ती वही हातात घेऊन जसं वाचायच्या, तसं माझं लिहिलेलं त्याआधी कुणी वाचलं नव्हतं.

शब्द आले आणि वाक्यं आली, तशी नवी अडचण आली. घरचे सोडून कुणाला तो कळेना. 'क'चा 'त' व्हायचा. काका म्हणजे ताता, काकडी म्हणजे तातली. लहान मुलांत हे सर्रास असतं, पण चार वर्षांनंतरही राहिलं म्हणून मॅडमनी हातात घेतलं. 'र' आणि 'ळ' यांना त्यांनी हातही लावला नाही. ती अक्षरं उशिराच येतात, त्यांची वाट बघायची. 'क'साठी मात्र जिभेचा मागचा भाग वर उचलावा लागतो. म्हणून आधी गुळण्या करायला लावल्या. मग पाठीवर झोपवून, कारण उताणं झोपलं की जीभ आपोआप मागे सरते. मग चमच्याच्या दांड्यानं जिभेचं टोक हलकेच खाली दाबून 'ता' म्हणायला सांगायच्या, आणि त्याचा 'का' व्हायचा. त्याला हे जादूसारखं वाटायचं. तो घरी येऊन सगळ्यांच्या तोंडात चमचा घालायला बघायचा.

पण तोंडात 'क' आला म्हणून बोलण्यात येत नाही. त्यासाठी मॅडमनी दोन वस्तू मागवल्या. खेळण्यातली कार आणि तारेचा एक तुकडा. तार आमच्याकडे पायलीला पन्नास. दोन्ही टेबलावर ठेवल्या आणि त्याला म्हणाल्या, "सांग, काय देऊ?" तो म्हणाला, "ताल." ('र' तर नव्हताच.) मॅडमनी गंभीर चेहऱ्यानं तार दिली. तो चिडला, तार फेकली, पुन्हा "ताल!" पुन्हा तार. मला मधे पडावंसं वाटत होतं, मॅडमनी डोळ्यांनीच थांबवलं. मग त्यानं तारेकडे बघितलं, कारकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि गुळणी करतात तसा गळा वर करून म्हणाला, "क्काल." कार मिळाली. आपल्या तोंडून निघालेल्या आवाजामुळे समोरचा माणूस वेगळी वस्तू देतो, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. 'असं नाही, असं म्हण' हे शंभरदा सांगून जे झालं नव्हतं ते त्या तारेनं केलं.

थोड्याच महिन्यांत मॅडम म्हणाल्या, "आता येऊ नका." मी घाबरले. काही चुकलं का? "नाही. आता जे उरलंय ते शाळेत आणि गल्लीत होईल. तुम्ही येत राहिलात तर दुसऱ्या कुणाचा तरी अर्धा तास जाईल." केसपेपरवर लाल शाईनं एक रेघ ओढली आणि पुढच्या बाईला हाक मारली. मी नेलेली साडी त्यांनी परत केली. भडंगाचा पुडा ठेवून घेतला.

या माणसानं मला काय दिलं, याचा विचार मी अलीकडे पुन्हा करायला लागले, त्याला कारण घडलं. नात्यातल्या एका मुलीबरोबर तिच्या लेकाला घेऊन एका मोठ्या शहरातल्या केंद्रात गेले होते. सुंदर रंगवलेल्या भिंती, आत खेळणी. पोराला घेऊन दार बंद झालं. बाहेर आम्ही आठ-दहा बायका फोन बघत बसलो. अर्ध्या तासानं दार उघडलं, मुलगा बाहेर, 'आज छान केलं', पुढची तारीख, पैसे. महिन्याचं पॅकेज घेतलं तर सवलत. आत काय झालं, घरी काय करायचं, एक अक्षर नाही. आतली मुलगी वाईट शिकवत असेल असं मी म्हणत नाही, चांगलीही शिकवत असेल. पण त्या बंद दारापाशी मला उमजलं की स्पीचच्या मॅडमनी आपली सगळी विद्या माझ्यापुढे उघडी टाकली होती, आणि आपली गरज लवकर संपावी म्हणून टाकली होती. धंद्याच्या हिशेबानं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. पुढे कळलं की आई-वडिलांनाच शिकवायची अशी रीत कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये आयला मॅनोलसन या बाईंनी 1975 साली 'हॅनन' नावानं सुरू केली होती. म्हणजे मॅडमची ती लहर नव्हती, त्यामागे शास्त्र होतं. मग तर बंद दाराला सबबच उरत नाही.

मी 2011 पासून अंगणवाडीत सेविका आहे. त्या नोकरीचा अर्जही मॅडमच्या म्हणण्यावरून केला होता. 2013 च्या फेब्रुवारीत पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. ते जे आजार आणि दोष तपासतात त्यांच्या यादीत बोलण्याचा उशीरही आहे. पण पथक येतं त्या दिवशी पोरं बुजतात, बोलणारीही गप्प बसतात. म्हणून मी आधीच यादी काढून ठेवते. वर्षाचं झालं तरी नावाला वळून बघत नाही, बोट दाखवत नाही. दीड वर्ष उलटलं तरी शब्द नाही. दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नाही. आणि आलेलं बोलणं गेलं असेल तर वय काहीही असो, त्याला पहिल्यांदा पाठवते. 'मुलगे उशिराच बोलतात' हे वाक्य माझ्या अंगणवाडीत चालत नाही. आमच्या कपाटात घट्ट झाकणाची एक बरणीही आहे.

धाकटा आता वस्त्रोद्योगाच्या डिप्लोमाला आहे. फार बोलका नाही. लांब हकीकत सांगायची झाली की अजून मधलं कुठलं तरी गाळतो, आणि शाळेत निबंधानं त्याला शेवटपर्यंत छळलं. उशिरा बोललेल्या काही मुलांना लिहिणं-वाचणंही जड जातं, हे मॅडमनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्याला मठ्ठ म्हणणाऱ्या शिक्षकांशी भांडायला माझ्याकडे बळ होतं. सूतवाल्याशी फोनवर भाव ठरवताना मात्र त्याचा एकही शब्द गळत नाही.

मॅडम निवृत्त होऊन धारवाडला राहतात. गेल्या महिन्यात फोन केला. अंगणवाडीत एक साडेतीन वर्षांची पोर आहे, समजतं सगळं, पण तोंडातून आवाजही फारसा नाही. पथकानं तिला जिल्ह्याच्या केंद्रात पाठवलं, तिथे आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं चित्रांचं ॲप सुचवलं. फुकट आहे, मराठीतही आहे, चित्रावर बोट ठेवलं की आवाज येतो. पण तिचे आजोबा ऐकायला तयार नाहीत. फोन बोलायला लागला तर पोर कशाला तोंड उघडेल, हे त्यांचं म्हणणं.

मॅडमनी विचारलं, "घरात कोण कोण आहे?" मी सांगितलं. "शेडला लागूनच घर?" हो. "मग पोर आत्ताही खुणा करत असेल." करते. "आजोबांना विचार, खुणा करून ती मुकी झाली का? खुणांनी तिला बोलायची ओढ लावलीय, चित्रंही तेच करतील. बोलणं यायचं असेल तर चित्रांनी ते अडत नाही. आणि हे सांगताना पोर तिथं असू दे. तिच्या हातानंच त्यांना चहा मागू दे, चित्रावर बोट ठेवून."

मग त्यांनी माझ्या सासूबाईंची चौकशी केली आणि कानडीत काहीतरी निरोप सांगितला, तो मी तसाच पोचवला. आजोबांना येत्या बुधवारी अंगणवाडीत बोलावलंय. म्हातारा जुना जॉबर आहे, शेडमधल्या खुणा त्याच्या हाडात आहेत.